वड्याचं तेल कार्बोरेटरवर

आमच्याकडे ६९ सालची जावा मोटरसायकल आहे, मैसूरला बनलेली, बाबांनी ८३ मध्ये सेकंडहँड घेतलेली. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली असते आणि दसऱ्याच्या महिनाभर आधी तिला उठवायचं काम माझं. ज्यांनी जावा चालवली नाही त्यांना सांगतो, हिचा गिअर आणि किक एकच, डावीकडचा लिव्हर आत दाबून मागे फिरवला की किक, परत पुढे आणला की गिअर. नवीन माणूस उजवीकडे वाकून किक शोधतो ना, ते बघायला मला दरवेळी मजा येते.

तर यंदा पेट्रोलचा कॉक सोडला, टिकलर, म्हणजे पेट्रोल आलंय का बघायचं कार्बोरेटरवरचं बटण, दाबला, पेट्रोल बोटावर ओघळलं, म्हटलं छान. वीस किका मारल्या, घाम आला, गाडी ढिम्म. प्लग काढून इंजिनच्या हेडला टेकवला तर ठिणगी निळी, टोक मात्र कोरडं ठणठणीत. म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत, जिथे ते हवेत मिसळतं तिथवर, येतंय, पुढे इंजिनात जात नाही. खोलला. तळाशी पांढरट गाळ आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोल पुढे सोडणारं बारीक भोक, बुजलेला. आजकालच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढून घेतं, चार महिने गाडी उभी राहिली की हे होणारच, कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करून ठेवायला हवा होता तो मी ठेवला नव्हता. जेटमध्ये सुई घालायची नाही, भोक मोठं झालं की गाडी नुसती पेट्रोल पीत सुटते, वायरीतली एक बारीक तांब्याची तार पुरते.

बसवला, दुसऱ्या किकला सुरू! निळा धूर, तो वास, शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली, सगळं जिथल्या तिथे. आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन बंद. दहा मिनिटं थांबलो तर परत सुरू, परत कोपऱ्यावर बंद.

मी परत कार्बोरेटर खोलला. टू-स्ट्रोकवाल्यांचं हे असंच, गाडी भिंतीवर नेऊन आदळली तरी आधी कार्बोरेटर बघणार. कारण उघड आहे, तो व्हरांड्यात पेपर पसरून खोलता येतो, आतलं क्रँकचं सील गळतंय का बघायचं तर अख्खं इंजिन उतरवावं लागतं आणि रविवारी सकाळी एवढी हिंमत कोणात असते. कार्बोरेटरमधला पितळी फ्लोट, पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, फुटलाय का म्हणून कानाशी हलवून बघितला, आत पेट्रोल खुळखुळत नव्हतं. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे नाहीत. मित्र म्हणाला गरम झाल्यावर ठिणगीच्या सर्किटमधला कंडेन्सर मार खातो, नवीन टाकला. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटरला लावला. मग तिसऱ्या रविवारी कार्बोरेटर तिसऱ्यांदा खोलला, आता तर त्याचे स्क्रू मला ओळखायला लागले होते.

यात एक साधी गोष्ट मी केलीच नाही, कोपऱ्यावर बंद पडल्यावर टिकलर दाबून बघितला नाही. बघितला असता तर बोट कोरडं राहिलं असतं.

चौथ्या रविवारी मी गाडी ढकलत आणली तेव्हा बाबा गेटपाशीच उभे होते. काही न बोलता त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! आवाज मलाही ऐकू आला.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडतोस का रे?"

झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं तेवढी हवा त्यातून आत यावी लागते, नाहीतर टाकीत ओढ बसते आणि धार थांबते. ते भोक मी बुजवलं होतं. दसऱ्याला चकाचक दिसावी म्हणून झाकणाला घासघासून लावलेलं पॉलिश त्यात वाळून बसलेलं. टाचणीने अर्ध्या मिनिटाचं काम.

बाबा तशीच गाडी घेऊन गेले ते पाऊण तासाने पानं आणि झेंडू घेऊनच आले.

फक्त एवढंच की तीनदा खोलून गॅस्केट फाटलंय, खालून थेंब थेंब गळतंय. पूजेच्या दिवशी कार्बोरेटरखाली वाटी ठेवली होती, आजीने त्यात अक्षता टाकल्या.