आमची वाटचाल : माहीमचा कंदील आणि डॉट कॉम डॉट एयू

बाबांनी १९८८ साली माहीमच्या कंदील गल्लीत फळी टाकली, तेव्हा बांबूच्या कामट्या, खळ आणि जिलेटीन कागद एवढंच भांडवल होतं. आज आम्ही घडीचे कापडी कंदील करतो. ते चपट्या खोक्यात बसतात, म्हणून दिवाळीच्या दोन महिने आधीच मेलबर्न-सिडनीला रवाना होतात. तिथलं गिऱ्हाईक आत्येबहिणीच्या ओळखीने मिळालं, पण ते टिकवताना आमची दमछाक झाली.

तिकडचा माणूस वेबसाइटच्या पत्त्याशेवटी डॉट कॉम डॉट एयू दिसलं की निर्धास्तपणे पैसे भरतो, कारण ते नाव कुणालाही मिळत नाही. आपलं डॉट इन २००५ पासून सगळ्यांना खुलं आहे. तिथे मात्र ऑस्ट्रेलियात नोंदलेली कंपनी, तिथला व्यवसाय क्रमांक म्हणजे एबीएन, किंवा तिथला ट्रेडमार्क असं काहीतरी हातात असावं लागतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. २०१९ मध्ये एका एजंटाने ओळखीच्या माणसाच्या एबीएनवर नाव घेऊन दिलं आणि आम्ही निश्चिंत झालो. २०२२ च्या घटस्थापनेला साइट बंद! त्या माणसाने धंदा गुंडाळला होता, एबीएन रद्द झाला, त्यापाठोपाठ नावही गेलं. कागदोपत्री ते आमचं कधी नव्हतंच. गाळ्यात तीनशे कंदील बांधून तयार होते. त्या वर्षी फोनवर ऑर्डरी घेऊन कसंबसं निभावलं.

मग सरळ रस्ता धरला : ट्रेडमार्क, म्हणजे आपल्या मालाच्या नावाची सरकारदरबारी नोंदणी. एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याची सोय करणाऱ्या माद्रिद करारात भारत २०१३ मध्ये आल्यामुळे इथूनच ऑस्ट्रेलियासाठी अर्ज करता येतो. पण एप्रिल २०२१ पासून तिथला नियम असा, की ट्रेडमार्कच्या जोरावर वेबसाइटचं नाव हवं असेल तर दोन्हींतले शब्द तंतोतंत जुळले पाहिजेत. आमचा जुना ट्रेडमार्क देवनागरी लेबलचा. शिवाय आमच्या नावातला 'दीप' इंग्रजीत पाटीवर एक आय घालून लिहिलेला, तर खोक्यावर दोन ई घालून. चौतीस वर्षांत कुणाच्या हे लक्षातही आलं नव्हतं! रात्री जेवताना दोन ई ठरले.

रोमन अक्षरांतल्या शब्दाचा नवा अर्ज भरला. छोट्या उद्योगांना मिळणारं उद्यम प्रमाणपत्र असल्यामुळे नऊ हजारांऐवजी साडेचार हजार फी लागली. त्यावरून जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे आंतरराष्ट्रीय अर्ज. तिथली मूळ फीच ६५३ स्विस फ्रँक, ऑस्ट्रेलियाची वेगळी. सगळं ऑनलाइन झालं, तरी बाबा एकदा अँटॉप हिलचं ट्रेडमार्क कार्यालय बाहेरून पाहून आले. "आपलं नाव कुठे जातं ते बघायला नको?" म्हणाले.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, ती आधीच सांगून ठेवतो. पहिली पाच वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणी इथल्या मूळ अर्जावर उभी असते. इथला अर्ज फेटाळला गेला तर तिकडचं संरक्षणही जातं. म्हणून इथल्या कार्यालयाची हरकत आली की उत्तर मुदतीत द्यायचं, सीझन असला तरी.

ऑस्ट्रेलियाच्या रजिस्टरवर आमचा क्रमांक दिसला, तेव्हा वेबसाइटचं ते नाव सुदैवाने मोकळंच होतं. या वेळी ते आमच्या नावावर घेतलं. खोक्याचं नवं प्रूफ आलं तेव्हा बाबांनी चष्मा लावला, वेबसाइटच्या पत्त्यातल्या एकेका अक्षरावर बोट ठेवलं, आणि दोन ई मोजूनच छपाईला हो म्हटलं.