उलट्या हाताचा ग्लव्ह

शाळेच्या स्मरणिकेसाठी ही आठवण. शाळेच्या टीममध्ये मी आले ती एका चुकीच्या खरेदीमुळे. खेळाच्या सामानाच्या पेटाऱ्यात सॉफ्टबॉलचे, म्हणजे बेसबॉलसारख्या खेळाचे, नऊ ग्लव्ह होते. फेकायचा हात मोकळा ठेवून ग्लव्ह दुसऱ्या हातात घालतात. आठ डाव्या हातात घालायचे, एक उजव्या. तो नववा कुणालाच बसत नसे. कुणीतरी तो डाव्या हातात कोंबून बघायचं, अंगठ्याच्या जागी करंगळी जायची, आणि ग्लव्ह पुन्हा पेटाऱ्यात. 1986 साली, मी आठवीत असताना, सरांनी मला वर्गातल्या शेवटच्या बाकावरून कागदाचा बोळा फळ्याखालच्या टोपलीत डाव्या हाताने टाकताना पकडलं. आता बसणार धपाटा म्हणून मी मान खाली घालून उभी. सर म्हणाले, "डावखुरी का गं तू? चार वाजता मैदानावर ये."

घरी आजीने जेवायला आणि लिहायला उजवा हात वळवून घेतला होता. फेकायला मला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून तेवढं डावं राहून गेलं.

लेफ्टी म्हणून लेफ्ट फील्डला, म्हणजे फलंदाजाच्या डाव्या हाताला लांब मागे, अशी मुली थट्टा करत. तसं काही नव्हतं. थर्डला (तिसऱ्या बेसवर) किंवा शॉर्टला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये) डावखुरीला फर्स्टकडे, म्हणजे पहिल्या बेसकडे, फेकण्याआधी अंगाची गिरकी घ्यावी लागते आणि तेवढ्यात धावणारी बेसवर पोचते. बेस ते बेस अंतर 60 फूट, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही 6 फूट कमी. तिथे गिरकीला वेळ कुठला? लेफ्टला मात्र फलंदाजाकडे तोंड करून उभं राहिलं की फाउलची रेघ, म्हणजे खेळाची हद्द, उजव्या हाताला येते, आणि माझा ग्लव्ह नेमका उजव्याच हातात. बाकीच्यांना रेघेकडचा चेंडू हात आडवा फिरवून घ्यावा लागायचा, मला सरळ मिळायचा.

आमची बोली घरात मराठी आणि मैदानावर हिंदी. इंदूरला ते वेगळं सांगायला नको. सरांची पहिली शिकवण दोन शब्दांची होती: "पहले पीछे!" चेंडू उंच उडाला की नवशिक्याचे पाय आपोआप पुढे पळतात आणि चेंडू डोक्यावरून जातो. म्हणून पहिलं पाऊल मागे, अंग तिरकं, मग बघायचं. पुढे धावत येणं सोपं असतं, मागे धावत जाऊन झेलणं नाही. आणि माझ्या मागे होतं काय? एक कडुनिंब आणि सायकल स्टँड. चेंडू सायकलींत घुसला की तो काढेपर्यंत समोरच्यांच्या दोन फेऱ्या व्हायच्या. त्यामुळे जमिनीवरून येणाऱ्या चेंडूलाही एक गुडघा टेकवून आडवं व्हायचं. परकराचे दिवस संपले होते, पण गुडघे फुटण्याचे चालू होते.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. रेघेजवळचा चेंडू सरळ जात नाही, हवेत रेघेकडे वळतो. उजव्या हाताच्या मुलीने जोरात ओढलेला असो की डावखुरीने उशिरा मारलेला, दोन्ही तिकडेच झुकतात. त्यामुळे चेंडू दिसतो त्या जागी धावायचं नाही, दोन पावलं रेघेच्या बाजूला धावायचं. मला हे कळेपर्यंत किती चेंडू ग्लव्हच्या टोकाला लागून गेले, ते मोजलं नाही.

आणि ऊन. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक सगळे करतात, पण माळव्यातल्या साडेचारच्या उन्हाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्या मैदानावर ते होमच्या, म्हणजे फलंदाज उभी राहते त्या बेसच्या, मागून थेट डोळ्यांत यायचं. ग्लव्ह कपाळाशी आडवा धरून त्याच्या कडेखालून चेंडू शोधायचा.

पण लेफ्टचं खरं काम चेंडू न येण्याचं. फलंदाजामागच्या कॅचरने थर्डला फेकलं की थर्डच्या मागे धाव. समोरच्यांनी हळूच टेकवून खेळला आणि फर्स्टवरून थर्डला फेक आली की पुन्हा धाव. शॉर्टकडे जमिनीवरून चेंडू गेला तरी तिच्या मागे धाव. दहापैकी नऊ वेळा थर्ड तो पकडते आणि आपण मुकाट परत जागेवर. एकदा मी कंटाळून गेले नाही. तेव्हाच नेमका चेंडू सुटला. सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला थर्डवर उभं केलं आणि लेफ्टला कुणालाच ठेवलं नाही. अर्ध्या तासात समजलं.

पावसाळ्यात वर्गात बसवून ते खेळाचा इतिहास सांगायचे. 1887 साली शिकागोत एका बंद हॉलमध्ये, बॉक्सिंगचा जुना ग्लव्ह बांधून त्याचा चेंडू आणि काठीची बॅट, असा हा खेळ जन्मला. मी विचारलं, "मग तिथे लेफ्ट फील्ड कुठे?" सर म्हणाले, "भिंत होती. भिंत कंटाळत नाही."

आता इंदूरच्या चिमणबाग मैदानावरचा तो सामना. नववीत होते. सातवी म्हणजे शेवटची इनिंग, 3-3 अशी बरोबरी, समोरची शाळा फलंदाजीला. एक बाद, थर्डवर त्यांची मुलगी. प्रत्येक चेंडूआधी किती बाद ते बोटांनी दाखवायचं हा सरांचा नियम. मी एक बोट वर केलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. चेंडू उडाला आणि रेघेबाहेर, पालक बसले होते त्या बाजूला वळला. मी सुटले. दोन पावलं रेघेकडे, हात लांब, झेल! तसा झेल मी पुन्हा कधी घेतला नाही. टाळ्या पडल्या. धावेच्या भरात मी आणखी चार पावलं पुढे गेले, आणि तेवढ्यात थर्डवरची मुलगी बेसला पाय टेकवून होमकडे निघाली. माझी फेक पोचली तेव्हा ती कॅचरच्या मागे नाचत होती.

फाउल होता. सोडला असता तर नुसता फाउल मोजला गेला असता. झेलला म्हणून दुसरी बाद झाली, पण झेल झाला की बेसवरच्या मुलीला धावायची मोकळीक मिळते, आणि सामना गेला.

परतीच्या टेम्पोत सगळ्या गप्प. एका पालकांनी माझी पाठ थोपटली, "काय कॅच घेतलास!" सरांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "बोट कुणाला दाखवत होतीस?" बस, एवढंच.

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला 2-0 ने हरवलं. त्यातला एक क्षण लेकीने मला मोबाइलवर पुन्हा पुन्हा दाखवला. थर्डच्या हातावर आपटून उडालेला चेंडू शॉर्टने हवेतच पकडला आणि दोघी बाद केल्या. लेक शॉर्टकडे बघत होती. मी पडद्याच्या कडेला त्यांची लेफ्ट शोधत होते. ती धावत आली असणार, पण कॅमेऱ्यात नव्हती.

आमची शॉर्ट आता ग्वाल्हेरला असते. दर दिवाळीला फोन करते, फराळाची चौकशी करते आणि ठेवताना न चुकता म्हणते, "सोडायला हवा होतास गं."

आता एक कबुली. तो नववा ग्लव्ह माझ्याकडे आहे. दहावीचा निरोप समारंभ झाला, मी पिशवीत टाकला, कुणी मागितला नाही. स्मरणिका छापून येईल तेव्हा समारंभाला तो घेऊन येते. जाळीची वादी मी मोच्याकडून दोनदा बदलून घेतली आहे, चामड्याला दर पावसाळ्याआधी तेल लावते. शाळेत डावखुरी मुलगी असेल तर तिला द्यावा. अंगठ्याची बाजू जरा घट्ट आहे, आठवडाभर आत चेंडू ठेवून दोरीने बांधून ठेवला की सैल पडेल.