तीस सेकंदांचे एक पान

झोपेच्या तपासणीचे तंत्र मी कोणत्याही वर्गात न जाता, केवळ एका जाडजूड पाठ्यपुस्तकाच्या आधारे शिकत आहे. मेंदूच्या लहरी वगैरेंची रात्रभराची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांतच का वाचायची, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर जुन्या यंत्रांत सापडले: कागद सेकंदाला 10 मिलिमीटर सरके आणि 300 मिलिमीटरच्या पानावर नेमके 30 सेकंद मावत. कागद गेला, माप राहिले.

खरा कस लागला तो दुसऱ्या टप्प्यातील झोप ओळखताना. तिची खूण असलेली, 11 ते 16 हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला तितक्या आवर्तनांची), किमान अर्धा सेकंद टिकणारी मेंदूलहरींची लड, स्पिंडल (म्हणजे चातीच), पुस्तकातील चित्रात मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती दिसते. परंतु सरावाच्या नोंदीत तिच्याभोवती इतर लहरींची एवढी गर्दी असते की कित्येक दिवस मी पट्टी लावून शिखरे मोजत बसे.

इलेक्ट्रोड, म्हणजे लहरी टिपणारे डोक्यावरचे छोटे संवेदक, लावणे मात्र नुसत्या वाचनाने येत नाही. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर 10 आणि 20 टक्क्यांत विभागण्याची रीत मला तोंडपाठ आहे. तरीही धाकट्या भावाच्या डोक्यावर मोजताना टेप केसांवरून घसरली आणि मध्यबिंदू दोनदा दोन ठिकाणी आला.