सदाशिवगड ते गोकर्ण: वारा पाठीशी घेऊन

बेळगावची सायकलवाली मंडळी समुद्र म्हटलं की चोर्ला घाट उतरून गोव्याकडे धावतात. कारवारचा किनारा मात्र तसाच राहतो. आम्ही चौघे जानेवारीत कारवारच्या उत्तरेला, काळी नदीच्या अलीकडे असलेल्या सदाशिवगडहून निघून संध्याकाळी गोकर्णला पोचलो, आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगतोय, इकडे या. सरळ हायवेने अंतर पासष्टच्या आसपास भरतं. आतली वळणं घेतलीत तर ऐंशीची तयारी ठेवा. वळणं घ्याच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिशा. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जायचं. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो, तो फारसा जाणवत नाही. ऊन चढून जमीन तापली की वारा फिरतो आणि दुपारभर वायव्येकडून येत राहतो. अंकोल्यानंतर मांड्या बोलायला लागतात, नेमका तेव्हाच तो पाठीशी असतो. उलट कारवारकडे निघालेला एक सायकलवाला आम्हाला वाटेत भेटला. बिचारा उतारावरही पेडल मारत होता.

सायकली आम्ही पिकअपमध्ये घालून आदल्या दिवशी खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाटाने खाली आणल्या. उजाडताच काळी नदीचा पूल ओलांडला. जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. आम्ही गेलो तेव्हा दोन्हीकडची वाहनं उरलेल्या एकाच पुलावरून जात होती, म्हणून ट्रकांची वर्दळ वाढायच्या आत पलीकडे व्हा. इथे सूर्य सह्याद्रीच्या मागून येतो. त्यामुळे डोंगराच्या कडा उजळतात तरी खाडीचं तोंड आणि पलीकडचा समुद्र बराच वेळ निळसर सावलीत असतो. मी पाहिलेल्या सकाळींत ही सगळ्यात सुंदर.

कारवारच्या किनाऱ्याला टागोरांचं नाव आहे. भाऊ सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश होते, त्यांच्याकडे रवींद्रनाथ १८८३ मध्ये येऊन राहिले होते. वाळूत दहा मिनिटं बसा आणि निघा. पुढे हायवेवर बोगदे लागतात. दिवसासुद्धा पुढचा दिवा आणि मागचा ब्लिंकर चालू पाहिजे. बिणगा, अरगा हा भाग नौदलाचा. फोटो काढू नका, कॅमेरा बाहेरही काढू नका. इथे समुद्र बहुतेक भिंतीआडच असतो, तेव्हा अंतर कापून घ्या.

खरी मजा अमदळ्ळीनंतर. डोंगराच्या सोंडा थेट पाण्यापर्यंत आल्यामुळे रस्ता सतत चढतो-उतरतो. चढ लांब नाहीत, पण दमट हवेत घाम वाळत नाही. दोन बाटल्या कमी पडतात, तिसरी घ्याच, आणि शहाळं दिसलं की थांबा. हायवेच्या कडेच्या पट्ट्यातून दुचाक्या बिनधास्त उलट्या येतात. वळणावर घंटी वाजवत राहा. अवर्सा ओलांडल्यावर बेलेकेरीकडे उजवीकडे वळा. हायवेचा आवाज मागे पडतो, माडांच्या सावलीत होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात.

अंकोल्यात बन्स (केळं घालून केलेल्या गोडसर पुऱ्या) आणि भाजी खा, जेवण पुढे ढकला. बाजारात गळाभर मण्यांच्या माळा घातलेल्या, इथल्या हालक्की या आदिवासी समाजातल्या बायका भाजी विकायला बसतात. आम्ही त्यांच्याकडून काकड्या घेतल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात हे गाव आघाडीवर होतं. कन्नड येत नसेल तरी अडत नाही, कोकणी-मराठीत काम भागतं.

पुढे शिरूर. १६ जुलै २०२४ ला इथे दरड कोसळून हायवे गंगावळी नदीत उतरला. पायथ्याशी चहाची टपरी होती. ती चालवणारं कुटुंबही त्यात गेलं. कापलेला डोंगर अजून उघडा आहे. आम्ही तिथे कुणीच बोललो नाही. पावसाळ्यात हा रस्ता सायकलने करू नका, कुणी कितीही हिरवळीचे फोटो दाखवले तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ.

मादनगेरीला उजवीकडे फाटा घेतला की हायवे सुटतो. साणीकट्ट्याची मिठागरं याच भागात आहेत. वारा पाठीशी, रस्ता जवळजवळ सपाट. गोकर्णपर्यंत आम्ही गप्पा मारत गेलो. देवळात जायचं असेल तर लुंगी किंवा धोतर बॅगेत ठेवा, सायकलच्या चड्डीत आत जाता येणार नाही.

वाटेतल्या दुकानांत साधं पंक्चर निघतं, पण प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हची ट्यूब किंवा डिस्क ब्रेकचे पॅड बेळगावातूनच न्या. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत सायकल घातलीत तर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा आणि चेनला तेल द्या. मीठ सकाळपर्यंत थांबत नाही. परतीला कोकण रेल्वेचं गोकर्ण रोड स्टेशन मादनगेरीजवळच आहे. आम्ही मात्र पिकअपनेच यल्लापूर, हल्याळ करत आलो. अंकोला-यल्लापूर रस्त्यावरचा आरबैल घाट सायकलने चढायचा विचार करू नका, तिथे अवजड ट्रकांची रांग असते.