तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लोरिडात किती वाचले?

"फ्लोरिडात टॅक्सच नाही म्हणे. वर्षाला किती वाचतात?" न्यू जर्सी सोडून 4 वर्षं झाली, तरी फोनवर तब्येतीच्या आधी हाच प्रश्न. आजवर "बरेच" म्हणून वेळ मारून नेली.

राज्याचा इन्कम टॅक्स नाही, एवढंच. प्रॉपर्टी टॅक्स आहे. आणि इन्कम टॅक्स जर्सीतही आम्हाला लागलाच नसता: ते राज्य सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) कर घेत नाही, आणि बासष्टीनंतर 1,00,000 डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या जोडप्याच्या पेन्शनवरही नाही. हे मला निघाल्यावर कळलं. जन्मभर हिशेब तपासायची नोकरी केलेला माणूस मी!

घर मार्चमध्ये घेतलं. विकणाऱ्या आजी तिथं 26 वर्षं राहिलेल्या. त्यांचं टॅक्सचं बिल 1,900 डॉलर. आमचं जर्सीचं 11,400. दोन आकडे शेजारी मांडले आणि विषय संपवला. हिनं तेव्हाच विचारलं होतं, "मग शेजारच्या घराला 6,000 कसे?" मी म्हटलं, "त्यांचं घर मोठं असेल." मोठं नव्हतं.

पहिल्या नोव्हेंबरात 1,900चंच बिल आलं. लगेच भरलं म्हणून 4 टक्के सूटही मिळाली. मी जर्सीत फोन करकरून सांगितलं. (म्हणजे तुमच्या प्रश्नाचं बी मीच पेरलेलं.) पुढच्या ऑगस्टमध्ये काउंटीचं पत्र आलं. वर ठळक अक्षरात, 'हे बिल नाही'. खाली येत्या बिलाचा अंदाज: 6,350. चूकच असणार म्हणून होमस्टेडच्या (राहत्या घरावरच्या करसवलतीच्या) अर्जाची पावती घेऊन तडक ऑफिसात गेलो. खिडकीतल्या मुलीनं शांतपणे समजावलं: राहत्या घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला फार तर 3 टक्के वाढतं, 1995पासूनचा नियम आहे. घर विकलं की पुढच्या 1 जानेवारीला ते थेट बाजारभावावर. आजींची 26 वर्षांची सवलत आजींबरोबर गेली. "रोज दोघं-तिघं येतात असे," ती म्हणाली. बिलापेक्षा ते 'दोघं-तिघं' जास्त लागलं.

6,350 म्हणजे 11,400पेक्षा कमीच की, असं तुम्ही म्हणाल. कमीच आहेत. पण घराचा इन्शुरन्स जर्सीत 1,500 होता; इथं वादळांपायी 5,200, पुराचा वेगळा. जर्सीत राहिलो असतो तर ज्येष्ठांसाठीच्या 'सीनियर फ्रीझ' योजनेत प्रॉपर्टी टॅक्सची वाढ परत मिळाली असती. अर्थात तेव्हाच्या मला हे सगळं समोर बसवून सांगितलं असतं, तरी तो थांबला नसता. त्याला बर्फ उपसायचा नव्हता. टॅक्स हे निमित्त. हे मला जानेवारीत पटतं, ऑगस्टमध्ये नाही.

ही म्हणते, परत जाऊ, नातवंडांजवळ. पण आता आमचीही 3 टक्क्यांची मर्यादा सुरू झालीय, गल्लीत नवीन आलेल्यांचं बिल आमच्यापेक्षा बरंच मोठं आहे. सोडवत नाही. आणि घर विकायला काढलंच, तर जाहिरातीत आमचंच बिल छापून येईल.