मागची काच उतरली

आज जुन्या मारुती एस्टीम गाडीची मागची काच उतरवली. काट्यावर सात किलो भरली. त्याच मापाचा 3 मिमी पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक, चिवट प्लास्टिकचा) पत्रा जेमतेम अडीच किलोचा. ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीच्या, 402 मीटरसाठी इंजिनात पैसे ओतण्याआधी वजन उतरवावं, हे मला आता मनापासून पटलंय.

जुनी काच पत्र्यावर ठेवून पेनाने रेघ मारली, बारीक दातांच्या ब्लेडने जिगसॉ चालवला. वरची संरक्षक फिल्म शेवटपर्यंत काढली नाही, कारण या पत्र्यावर ओरखडे फार लवकर उठतात. भोकं पाडताना गॅरेजवाले काका म्हणाले, "बाळा, भोक बोल्टपेक्षा मोठं पाड. उन्हात हा काचेच्या सातपट पसरतो."

ते ऐकलं. पण बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून मी थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरून ठेवणारा चिकट द्रव) लावला, तिथे घात झाला. तासाभरात दोन भोकांभोवती केसासारख्या बारीक चिरा उमटल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. ते रसायन पॉलिकार्बोनेटला खातं. थिनर आणि पेट्रोलही. दिवसभराची मेहनत होती, फार वाईट वाटलं. पत्रा पुन्हा कापला. या वेळी नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे) नट, खाली रबरी वॉशर, आणि हाताने बेताचंच आवळलं.

पुढची काच मात्र मूळची लॅमिनेटेडच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) राहणार. आणि ही गाडी आता रस्त्यावर चालवायची नाही, धावपट्टीपर्यंत टोइंगनेच न्यायची. अॅक्रिलिक हे दुसरं पारदर्शक प्लास्टिक स्वस्त मिळतं म्हणून कुणी बसवू नका, फुटलं की धारदार तुकडे होतात.

संध्याकाळी फिल्म सोलली. आरपार स्वच्छ दिसत होतं.