नाणेघाटातली बारस

नाणेघाट याआधी तीनदा झालाय माझा आणि तिन्ही वेळा भर पावसात, म्हणजे उलटा धबधबा बघायला, चिखलात, रांगेत, कुणाच्या तरी ब्लूटूथ स्पीकरवरची गाणी सहन करत. त्या तीन फेऱ्यांत मी घाटातल्या कोरीव गुहेत धड पाच मिनिटं पण थांबले नसेन, भिजलेली चाळीस माणसं आणि मॅगीचा वास, थांबणार कोण. यंदा मात्र म्हटलं दिवाळीच्या तोंडावर जाऊ, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, हवा धुतल्यासारखी असते, आणि शहरातली सगळी जनता खरेदीत अडकलेली असते. वसुबारसेची सुट्टी टाकली आणि मावसभावाला उठवून कल्याणहून पहाटेची एसटी पकडली.

मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, मग थोडं पुढे रस्त्यालाच उतरायचं. वाट मळलेली आहे, चुकायला जागाच नाही असं मी भावाला तीनदा सांगितलं आणि अर्ध्या तासात आम्ही चुकलो. लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एक मावशी भेटल्या, त्यांनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "वर कुठं निघालाव? ही ढोरवाट हाय." परत फिरलो. तेवढ्यात भावाच्या बुटाचा सोल उचकटला (तीन वर्षं कपाटात पडलेले बूट, काय होणार दुसरं), तो नायलॉनच्या दोरीने बांधला, आणि उरलेला घाट तो एक पाय ओढत चढला.

सह्याद्रीत चढताना एक गोष्ट मला दरवेळी नव्याने जाणवते, हा डोंगर रचलेला वाटतो. आहेच तसा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, परत वाहिला, त्यामुळे कडा बघितला की भाकरीची चवड ठेवल्यासारखे थर दिसतात. नाणेघाट त्या चवडीला पडलेली एक चीर आहे, आणि सातवाहनांच्या काळात त्या चिरेत पायऱ्या खोदून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल वर जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणकडे नेण्याची सोय केली. शेवटच्या टप्प्यातल्या पायऱ्यांच्या कडा गोल झाल्यात, काही ठिकाणी तर पायरी होती की नुसता दगड हे पायालाच कळतं, डोळ्याला नाही.

गुहेत यावेळी आम्ही दोघंच. तीन बाजूंना खोदलेले बाक, भाऊ एका बाकावर आडवा झाला आणि मी पहिल्यांदा नीट भिंतीसमोर उभी राहिले. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, सातवाहन घराण्याचा पहिला राजा सिमुक, मग सातकर्णी आणि राणी नागणिका, राजकुमार, एक महारठी म्हणजे मोठा सरदार. आता पुतळे नाहीत, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, आणि वर ब्राह्मीत कोरलेली नावं. एवढे अश्वमेध-राजसूय करणारे लोक आणि शिल्लक काय तर पायाचे ठसे आणि नावाची पाटी!

बाजूच्या भिंतींवरचा मोठा लेख नागणिकेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, प्राकृतात. वाचनाची प्रिंट मी घरून आणली होती, घडी पडून घामाने ओली झालेली, पण वाचता येत होती. सुरुवातीला देवांना नमस्कार आहे, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद-सूर, यम, वरुण, कुबेर. मग यज्ञांची आणि दक्षिणेची यादी. आणि ती यादी वाचताना मी मोठ्याने हसले, भाऊ दचकून उठला. "गावो बारस १२ असो च १". बारा गायी आणि एक घोडा. आधी अक्षरात आणि मग आकड्यात, आपण चेकवर लिहितो तसं! पुढे सतराशे गायी, दहा हत्ती, तेही तसंच अक्षरात आणि आकड्यात. या भिंतीवरचे आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव आकड्यांपैकी आहेत, हे मला माहीत होतं, पण "बारस" हा शब्द असा तोंडावर येईल असं वाटलं नव्हतं. आज वसुबारस, गायीचा सण, आणि समोर भिंतीवर बारा गायी. योगायोगच, पण मला दिवसभर पुरला.

वर आल्यावर डाव्या-उजव्या बाजूला काय काय आहे ते सगळे लिहितात, नानाचा अंगठा, जीवधन, वानरलिंगीचा सुळका, मी परत लिहीत नाही. तो दगडी रांजण मात्र बघाच. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात, मला एवढंच दिसलं की त्यात अर्धी बाटली पाणी आणि कुरकुरेचं पाकीट होतं. पाकीट काढून बॅगेत टाकलं.

आता खरी गोष्ट. घाटघरच्या बाजूला एका वाडीत ओळखीचे मामा आहेत (वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागायला नकोत). महादेव कोळी कुटुंब, भात, नाचणी, थोडी वरई, आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करून वाळवून विकायचा. मामींच्या तोंडून नाणेघाटाचं वर्णन ऐकलं की जकात आणि सातवाहन सगळं बाजूला राहतं. त्यांच्यासाठी घाट म्हणजे आत्याच्या घरी जायची वाट. आत्या खाली कोकणात दिलेली. जाताना डोक्यावर तांदूळ, येताना सुकी मासळी, आणि एकदा तर कडेवर पोर आणि हातात कोंबडी घेऊन एका दमात चढून आल्या म्हणे. भावाने त्याच्या बुटाचा विषय लगेच बंद केला.

त्या दिवशी तिथे वाघबारस होती. आपल्याकडे वसुबारस गायीची, इथे त्याच दिवशी वाघोबाची. म्हणजे गाय-वासरू ओवाळायचं ते आपण, आणि ज्यांची गुरं रानात चरतात ते ज्याच्यापासून भीती त्याच्याशी बोलून ठेवतात. मला हे जास्त व्यवहारी वाटतं. गुराखी पोरांनी घरोघरून दूध, तांदूळ, गूळ गोळा केला होता, रानाच्या कडेला तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलेलं, खीर रटरटत होती आणि धूर नेमका माझ्याच दिशेने.

वाघोबा म्हणजे गुडघ्याएवढा उभा दगड. शेंदराचे इतके थर की वाघ नुसता उंचवटा झालाय, पाठ आणि वर वळलेली शेपटी बोटाने चाचपून कळते. मामांनी नवा शेंदूर लावायच्या आधी ओल्या फडक्याने वरची बाजू पुसली आणि म्हणाले, "ह्यो चांद, ह्यो सूर्व्या." वाघाच्या डोक्यावर एक कोर आणि एक गोल. मी खिशातली प्रिंट काढून त्यांना सांगितलं की खाली गुहेत राणीनं पण चंद-सूर असंच लिहिलंय, देवांच्या नावात. मामा शांतपणे म्हणाले, "मग? त्येंच्याबिगर कोण बगणार?" आणि नारळ फोडला.

मग खेळ. एका पोराला वाघ केला, दहा-अकरा वर्षांचा, अंगावर राखेचे पट्टे. बाकीचे त्याच्यामागे काठ्या घेऊन, "आमच्या शिवारात येशील का? येशील का?" वाघ आधी गुरगुरतो, मग पळतो, मग कबूल करतो की नाही येणार. आमचा वाघ हट्टी निघाला, येणार म्हणाला, आणि त्याला ओढ्यापर्यंत पळवला.

मी मामांना विचारलं, आता वाघ कुठे राहिलाय इथे. ते म्हणाले, "बिबट्या हाय की. पर त्यो आता डोंगरात ऱ्हात नाय, खाली उसात गेला. त्याला बी सपाटीच बरी वाटती." हसून म्हणाले पण हसण्यासारखं नाही, जुन्नर तालुक्यात उसाच्या पट्ट्यात रात्रीचं पाणी धरायला जाणाऱ्यांना विचारा, आणि माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी अख्खं निवारा केंद्रच आहे. उसातल्या वाघाची बारस कोण घालतं, असं मी विचारणार होते, पण तेवढ्यात पानं मांडली.

खीर पळसाच्या पानावर, गरम, धुरकट, थोडी करपलेली. मी तीनदा घेतली. वाघाला पहिला मान, पण तो ओढ्यातून ओला होऊन परत येईपर्यंत राखेचे पट्टे वाहून गेले होते, आणि आजी त्याला ओरडत होती, पोटावरचा उरलेला एक पट्टा पदराने पुसत.